गालिच्याच्या कडेने

गालिच्याच्या खालच्या काठापासून हातभर वर लाल रंग बदलत होता. बदल अगदी थोडा होता. पिकल्या डाळिंबाच्या दाण्याचा लाल एका आडव्या रेषेपाशी संपत होता आणि तिथून पुढे किंचित फिकट, विटकरीकडे झुकणारा लाल सुरू होत होता. रेषा सरळ होती, पण फुटपट्टीने मारलेली नव्हती. डाव्या बाजूला आधीच्या रंगाच्या काही गाठी पुढच्या रंगात शिरलेल्या होत्या, जणू उरलेला धागा फुकट जाऊ नये म्हणून कोणी तिथे संपवला होता. उजेडाचा खेळ असेल, असं वाटून विभावरी गालिच्याला वळसा घालून दुसऱ्या टोकाला गेली. तिथून पाहिल्यावर सगळा गालिचाच एकदम गडद झाला, लोकरीचा कल तिच्याकडे होता म्हणून. रेषा मात्र होती तिथेच राहिली. ती खाली वाकली आणि बोटाच्या पेराने तिने रेषेवरून हात फिरवला. बोटाला काहीच कळलं नाही. डोळ्यांना दिसणारा फरक हाताला लागत नव्हता, याची तिला गंमत वाटली.

“टूरिस्ट?” मागून कोणीतरी विचारलं. शारजाच्या निळ्या सूकमधलं, म्हणजे बाजारातलं, वरच्या मजल्यावरचं हे दुकान. गालिच्यांच्या चळतीवर बसून चहा पीत असलेला जाडजूड, पांढऱ्या मिशांचा माणूस तिच्याकडे बघत होता. “हो,” ती सहज म्हणाली. “कहाँ ठहरे हैं, मॅडम? बीच वाला हॉटेल?” “नाही, रोला में.” त्याने चहाचा पेला खाली ठेवला. “रोला में कौन टूरिस्ट ठहरता है? वहाँ तो खाली इंडियन लोग रहता है!” आणि मग डोळे बारीक करून, “कितने दिन से घूम रहे हो?” विभावरीला खोटं बोलता येत नसे, निदान ठरवून तरी. “दस साल,” ती म्हणाली. तो माणूस हसला, चळत हलेल इतका हसला. “वल्ला, लंबा टूर है! बैठो, हबीबती, चाय पियो. थक गए होंगे.”

ती चहा प्यायली. लहान, कमरेत बारीक काचेच्या पेल्यातला, बिनदुधाचा, तोही लाल. त्याचं नाव अन्वर. मूळचा कोन्याकडचा, तुर्की. सूकमधले लोक त्याला अन्वर बे म्हणत आणि तो स्वतःही स्वतःचा उल्लेख ‘अन्वर बे’ असाच करी, एखाद्या तिसऱ्या थोर माणसाबद्दल बोलल्यासारखा. त्याची हिंदी याच सूकमध्ये शिकलेली, पठाणांची आणि मलबाऱ्यांची सरमिसळ. ती त्या दिवशी तिथे गेली होती मैत्रिणीसाठी, मंजुषासाठी, काही भेटवस्तू पाहायला. मंजुषा आणि तिचा नवरा कायमचे भारतात परत निघाले होते आणि त्यांना काय द्यावं हा प्रश्न होता, कारण जे द्यावं ते त्यांना पॅक करावं लागणार होतं. पण चहा पिता पिता ती भेटवस्तूचं विसरली. तिने त्या रेषेबद्दल विचारलं. अन्वर बेने आवाज खाली आणला. “मॅडम, बुनने वाली जानबूझकर गलती करती है. परफेक्ट सिर्फ अल्ला है.” “हे तुम्ही सगळ्या टूरिस्टांना सांगता?” तिने हिंदीत विचारलं. तो पुन्हा हसला. “सबको. बहुत बिकता है. आपको सच बताऊँ? एक हंडे का ऊन खतम हो गया. दूसरा हंडा चढ़ाया. दूसरा हंडा पहले जैसा कभी नहीं आता. खलास. उसको अब्रश बोलते हैं.” मग पहिली लोकर संपल्यावर विणणारीने सगळं उसवून नव्याने का नाही विणलं? अन्वर बेने दोन्ही हात वर केले. “क्यों उधेड़ेगी? इतना बुना हुआ है!”

बाहेर पडली तशी खाडीवरची दमट हवा थंड चष्म्याला लागून काचा पांढऱ्या झाल्या. चष्मा हातात धरून ती पाण्याच्या कडेने चालत राहिली. मे संपत आलेला, दुपारची उन्हं कलली होती तरी दगडी कठडा तापलेला होता. तिला राहून राहून एकच गोष्ट टोचत होती. आपण ‘हो’ का म्हणालो? त्याने विचारलं आणि तोंडातून आपोआप निघालं, जसं फोन उचलल्यावर ‘हॅलो’ निघतं तसं. काचा निवळल्यावर तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि समोरचं पाणी, पलीकडच्या इमारती, वाळत टाकलेली जाळी, बाकावर झोपलेला कामगार, हे सगळं तिला इतकं ओळखीचं दिसलं की ती थबकली. खजुराच्या झाडांना घोस लागले होते आणि पालिकेच्या माणसांनी त्यांना जाळीच्या पिशव्या बांधल्या होत्या. पिशव्या बांधल्या म्हणजे जून आला, हे तिला पंचांग न पाहता कळत होतं. पुण्यात जून कशावरून कळतो ते तिला आठवावं लागलं असतं.

घर म्हणजे रोलातल्या एका जुन्या इमारतीतला चौथ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. तिथल्या भिंतीत त्यांनी आजवर एकही खिळा ठोकला नव्हता. कॅलेंडर फ्रिजला चुंबकाने चिकटवलेलं, देव एका घडीच्या टेबलावर. कपाटांच्या वर मात्र छतापर्यंत खोके रचलेले होते. टीव्हीचा खोका, मिक्सरचा, फूड प्रोसेसरचा, प्रत्येकाच्या आत त्याचा मूळचा थर्मोकोल. परत जाताना कंटेनरमध्ये सामान नीट बसावं म्हणून. मिक्सर केव्हाच बिघडून फेकला गेला होता, तरी त्याचा खोका होता. आल्या वर्षी तिने आणि तिच्या नवऱ्याने, शैलेंद्रने, ठरवलं होतं, तीन वर्षं. मग मुलीची, मिहिकाची, शाळा सुरू झाली तेव्हा, चौथीपर्यंत. मग कोथरूडचा फ्लॅट झाला, त्याचे हप्ते फिटेपर्यंत. मग दहावीपर्यंत. दर शुक्रवारी पुण्याहून शैलेंद्रच्या थोरल्या भावाचा, सदानंद भाऊजींचा, फोन येई आणि ते पहिलं वाक्य तेच विचारत, “काय मग, कधी येताय?” शैलेंद्र म्हणे, “बघू, पुढच्या जूनमध्ये.” तो जून आता दारात उभा होता. मिहिका दहावी झाली होती. तिच्या अकरावीच्या प्रवेशासाठी पुण्याला कळवायला हवं होतं. आणि शैलेंद्रच्या कंपनीने जबल अलीहून उठून हमरिया फ्री झोनमध्ये नवा कारखाना उभा करायचं ठरवून, तो सांभाळायला शैलेंद्रला विचारलं होतं. हो म्हटलं की निदान पाच-सहा वर्षं. “तू सांग,” शैलेंद्र म्हणाला होता. “या वेळी तू सांगशील तसं. मी तुला आधीच खूप थांबवलंय.” ती म्हणाली होती, “विचार करते.” त्याला आता तीन आठवडे होत आले होते आणि विचार असा तिने केलाच नव्हता. उलट, विचार करायला बसलं की ती उठून काहीतरी दुसरंच करायला लागे.

त्याचं ते वाक्य, ‘मी तुला थांबवलंय’, त्यांच्या घरात एखाद्या जड कपाटासारखं होतं. ते हलवायचं नाही असं दोघांनी न बोलता ठरवलेलं. विभावरी रसायनशास्त्रातली एम.एस्सी. पुण्यात एका प्रयोगशाळेत ती वनस्पतींतल्या रंगद्रव्यांवर काम करत होती. तिच्या सरांनी निघताना म्हटलं होतं, “या परत, टेबल ठेवतो तुमचं.” सर निवृत्त झाले, प्रयोगशाळा दुसऱ्या इमारतीत गेली, टेबल कुठे गेलं कोण जाणे. इथे पासपोर्टमधल्या शिक्क्यावर तिच्या नावापुढे ‘हाउसवाइफ’ लिहिलेलं होतं. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला कोणी नवी बाई भेटली की शैलेंद्रच ओळख करून देताना सांगे, “हिचं खरं तर रिसर्चचं फील्ड. माझ्यासाठी सोडलं तिने.” सुरुवातीला ते खरं होतं, आणि दुखतही होतं. मग ते नुसतं खरं राहिलं. आणि गेल्या कधीतरीपासून, नेमकं केव्हापासून ते तिला सांगता आलं नसतं, ते खरंही राहिलं नव्हतं. पण वाक्य तसंच होतं, त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून दोघंही ते अधूनमधून पुसत होते. त्या वाक्यामुळे शैलेंद्र कधी तिच्यावर आवाज चढवत नसे. त्या वाक्यामुळे सुट्टीत कुठे जायचं, घरात काय आणायचं, यात तिचा शब्द शेवटचा असे. ते काढून घेतलं तर त्या जागी काय उरेल, हे तिला पाहायचं नव्हतं.

ती पुन्हा अन्वर बेकडे गेली. मंजुषासाठी तिने एक लहानशी विणलेली पिशवी घेतली, पण ते निमित्त संपलं तरी ती जात राहिली. दुपारी सूक अर्धवट बंद असे. अन्वर बे घरी न जाता दुकानातच चळतीवर लवंडलेला असे आणि तिला पाहून, “यल्ला, प्रोफेसर आ गई,” म्हणत उठे. त्याने तिला गालिच्याची पाठ वाचायला शिकवली. पुढची बाजू विकायची, मागची समजून घ्यायची, असं तो म्हणे. तुर्की गाठ दोन उभ्या धाग्यांना मिठी मारून मधून वर येते. मग सुरीने धागा कापायचा. ओळ झाली की आडवा धागा घालून जड फणीने ठोकायचं. तो ठोकून दाखवताना तोंडाने आवाज काढी. पाठीकडून तिला रेषा आणखी स्पष्ट दिसली. तिने एका भडक गालिच्यातल्या नारिंगी धाग्याकडे बोट केलं आणि म्हणाली, “हा झाडाचा रंग नाही. हा कारखान्यातला.” अन्वर बेने इकडेतिकडे पाहिलं. “श्श! कस्टमर के सामने नहीं, हबीबती!” दुकानात दुसरं कोणीच नव्हतं. दोघं एकदम हसली.

लाल रंग मुळीचा. त्याच्या भाषेत त्या झाडाला नुसतं ‘मुळी-रंग’च म्हणत. विभावरीने त्या मुळीतल्या द्रव्याचं सूत्र शेकडो वेळा कागदावर काढलं होतं, तीन कडी आणि त्यांना लटकलेले दोन हात. पण मुळी कधी हातात धरली नव्हती. प्रयोगशाळेत ते बाटलीतून यायचं, नारिंगी पूड म्हणून. एका सकाळी शैलेंद्र कंपनीच्या बसने आणि मिहिका मैत्रिणीकडे गेल्यावर ती उठून दुबईत देराला गेली, मसाल्यांच्या गल्लीत. तिथल्या एका इराणी दुकानात तिला मंजिष्ठेच्या मुळ्या मिळाल्या. तुर्की मुळीची आपल्याकडची बहीण, घराण्यातली पण स्वभावाने वेगळी. दुकानदाराला वाटलं तिला चेहऱ्याला लावायला हव्या आहेत. त्याने काळजीने गुलाबपाणीही बांधून दिलं. अन्वर बेने दिलेली बिनरंगाची लोकर तिने तुरटीच्या पाण्यात भिजवून ठेवली, मुळ्या कुटून, भिजवून मंद आचेवर ठेवल्या. उकळी येऊ द्यायची नाही, उकळलं की रंग करपट होतो, हे तिला माहीत होतं. ती ओट्यापाशी स्टूल घेऊन बसून राहिली. पहिल्या खेपेला लोकर निघाली ती जुन्या विटेसारखी, मरगळलेली. दुसऱ्या खेपेलाही तसंच. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि ती एकटीच हसली. पाणी! इथलं पाणी समुद्राचं गोडं केलेलं, त्यात काहीच नसतं; आणि या रंगाला थोडा चुन्याचा अंश लागतो. कोन्याच्या डोंगरातल्या विहिरींना तो असतो. तिने मिहिकाच्या लहानपणीच्या फळ्याचे खडू माळ्यावरून शोधून काढले, कुटले, भांड्यात टाकले. तासाभराने लोकर वर काढली तेव्हा ती लाल होती. बाजारातल्या लालासारखी ओरडणारी नव्हे. शांत, खोलवरून आलेली.

तिने ती लोकर बाल्कनीतल्या दोरीवर टाकली. खाली रस्त्यावर भाजीवाल्याची पिकअप उभी होती, समोरच्या मशिदीतून दुपारची बांग सुरू झाली, एसीचं पाणी नळीतून बादलीत थेंब थेंब पडत होतं. तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते. आणि तेव्हा, दोरीपाशी उभं असताना, तिला अगदी स्वच्छ कळलं की आपण सुखात आहोत. हा शोध काही आनंदाचा नव्हता. आधी तर ती दचकलीच, एखाद्याला आपल्याच घरात न सांगता आलेला पाहुणा सोफ्यावर बसलेला दिसावा तसं. तो केव्हापासून बसला होता? तिने मनातल्या मनात मागे जाऊन पाहिलं. गेल्या हिवाळ्यात खोरफक्कानच्या डोंगरात, गाडी बंद पडली म्हणून रस्त्याकडेला बसली होती तेव्हा तो होता. मासळीबाजारात सुरमई घेताना, तो हैदराबादी मासेवाला ‘आपा, आज नको, कल आओ’ म्हणतो तेव्हा होता. रोजच्या सकाळी, सगळे गेल्यावर, इथे कोणी तिला ‘सध्या काय करतेस?’ असं विचारत नाही या विचारात तर तो पाय पसरून बसलेला होता. ती मात्र दरवेळी त्याच्या बाजूने निघून गेली होती.

गालिचा घरी आला तो असा. एका गुरुवारी अन्वर बेने तोच, रेषेचा गालिचा गुंडाळून टॅक्सीत घालून दिला. “ले जाओ. घर में रखो, दो-तीन हफ्ते. पसंद आया तो पैसा देना, नहीं तो अन्वर बे खुद आकर ले जाएगा.” सही नाही, पावती नाही, पत्ता तेवढा विचारला. शैलेंद्रला ते पटेना. “असं कोण देतं? कॅच काय आहे?” “इथं देतात असंच,” ती म्हणाली. “गालिचा घरात राहून बघायचा असतो.” शैलेंद्रने किंमत विचारली आणि दिरहमचे रुपये करायला लगेच तेराने गुणू लागला. “ओह गॉड, बाबा,” मिहिका म्हणाली, “स्टॉप कन्व्हर्टिंग! वी डोंट इव्हन लिव्ह देअर.” त्याने गुणाकार अर्धा सोडला, पण चेहरा गुणाकाराचाच राहिला. मग त्याने गालिचा उलगडला. त्याच्या एका टोकाला कमानीचा आकार होता, देवळाच्या कोनाड्यासारखा. शैलेंद्र दोन पावलं मागे सरला. “अगं, हा नमाजाचा आहे. मेहराब आहे ही. आपल्या ऑफिसातल्या प्रेयर रूममध्ये असतात तसे.” “मग?” “मग काय? पाय नको लागायला. दुसऱ्याच्या का असेना, देवाची वस्तू आहे.”

तेव्हापासून गालिचा हॉलच्या मधोमध होता आणि घर त्याच्या कडेने चालत होतं. स्वयंपाकघरातून बाल्कनीकडे जायचं तर सोफा आणि गालिचा यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून, एक खांदा पुढे काढून. मिहिका एका ढांगेत वरून उडी मारून जाई; शैलेंद्र तिला रागवे. तो स्वतः रात्री पाणी प्यायला उठला तरी अंधारात भिंत चाचपत कडेने जाई आणि टीपॉयला पाय आपटून घेई. विभावरीही कडेनेच जात होती. का, हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं. घरात दहा वर्षं सगळ्याच गोष्टींच्या कडेने चालायची सवय होती; इथल्या सणांच्या, इथल्या शेजाऱ्यांच्या, अरबीत लिहिलेल्या पाट्यांच्या. आदर होता त्यात, खोटं नव्हतं. पण पायांना मधली जागा माहीत नव्हती.

मंजुषा निरोपाला आली तीही कडेने चालत. सामान विकून, वाटून झालं होतं. उरलेली कढीपत्त्याची कुंडी तिने विभावरीसाठी आणली होती. “मोठ्ठा केलाय मी हा, वाळूत! तुझ्याकडे ठेवते,” ती म्हणाली, आणि लगेच, “पण तुला तरी कशाला? तूही निघालीसच की. तू तर आल्या दिवसापासून बॅग भरून बसली आहेस.” विभावरीने कुंडी घेतली. मंजुषा सोफ्याच्या टोकाला पाय वर घेऊन बसली, गालिच्याला पदर लागू नये म्हणून. “खरं सांगू? मला आता जावंसं वाटत नाहीये गं,” ती म्हणाली आणि घाईघाईने हसली. “म्हणजे, वाटतंय. पण तिथे जाऊन ‘परत आलो’ म्हणून सगळ्यांना सांगत बसायचं… ह्यांना नको सांगूस हं. तुझं बरं आहे बाई, तुला मनापासून जायचंय.” चहाचा कप विभावरीने तिच्या हातात दिला. तिच्या नखांच्या कडांना अजून लाल होता. “मेंदी?” मंजुषाने विचारलं. “नाही,” विभावरी म्हणाली, “लोकर.” तेवढं एकच वाक्य तिला धड बोलता आलं.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी तिने कढीपत्त्याची कुंडी बाल्कनीत ठेवली आणि कुठे ठेवायची याचा विचार करताना सकाळचं ऊन कुठून येतं, डिसेंबरमध्ये ते कुठे सरकतं, याचा हिशेब तिच्या मनात आपोआप झाला. डिसेंबरमध्ये. ती कुंडी धरून तशीच उभी राहिली. तोंडाने काही न म्हणता आपण डिसेंबरपर्यंत जाऊनही आलो, असं तिला वाटलं. कोथरूडच्या फ्लॅटचा विचार करू पाहिला तर डोळ्यांसमोर खिडक्यांची मापं येत होती, पडद्यांसाठी घेतलेली. खिडकीतून काय दिसतं ते येत नव्हतं. तिला पुण्याचा राग नव्हता, तिथे जाऊन वाईट होईल अशी भीतीही नव्हती. फक्त तिथला हंडा उतरला होता आणि इथला चढला होता, केव्हातरी, आणि तिने उसवायचं नाही एवढंच ठरवायचं होतं. आणि ते शैलेंद्रला सांगायचं. ‘तुझ्यासाठी सोडलं’ हे वाक्य त्याच्या हातून काढून घेऊन. त्या वाक्याशिवाय तो तिच्याशी कसा वागेल, हे तिला कुठल्याच प्रयोगाने आधी कळणार नव्हतं.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर अन्वर बे आला. शनिवारी सकाळी शैलेंद्रला ऑफिसात उत्तर द्यायचं होतं. सदानंद भाऊजींचा फोन येऊन गेला होता, शैलेंद्र त्यांना म्हणाला होता, “विभाच्या मनात आहे तसंच होईल या वेळी, दादा. पक्कं.” ते बोलताना त्याने तिच्याकडे पाहून मान डोलावली, तिला दिलासा द्यावा तशी, आणि तिला दिसलं की त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झालेत आणि हमरियाच्या कारखान्याचे नकाशे त्याने सोफ्यामागे गुंडाळून ठेवलेत, फेकून न देता. अन्वर बे सुटाबुटात आला होता, हातात मिठाईचा डबा. दारात बूट काढून तो आत आला, आणि गालिच्यापाशी थांबला. त्याने गालिचा पाहिला. मग सोफ्याजवळची चिंचोळी पट्टी पाहिली, जिथे फरशी येण्याजाण्याने घासून चकचकीत झाली होती. मग खाली वाकून लोकरीवर हात फिरवला. “मॅडम,” तो सावकाश म्हणाला, “इस पर कोई चला नहीं?”

“नाही, नाही,” शैलेंद्र अभिमानाने म्हणाला, “हमने बहुत ध्यान रखा. एक पाँव भी नहीं लगाया. ये प्रेयर का है ना.”

अन्वर बेने त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग मिहिकाकडे. आणि तो हसायला लागला. दुकानात हसायचा तसाच, पोट धरून. सोफ्याचा हात धरावा लागला त्याला. “हबीबी!” तो म्हणाला, “नमाज खड़े होकर पढ़ते हैं! पाँव कहाँ रखेगा आदमी? हवा में?” मिहिका किंचाळून हसली. “आय टोल्ड यू! आय टोल्ड यू, बाबा!” शैलेंद्रचा चेहरा लाल झाला, मग तोही हसला, कानापर्यंत, बऱ्याच दिवसांनी तो असा हसत होता. अन्वर बे मोजे घातलेल्या पायांनी सरळ गालिच्यावर गेला आणि मधोमध उभा राहून दोनदा पाय आपटले. “साफ पाँव, बस. इतना ही. जितना चलेगा, उतना चमकेगा. मेरी माँ ने बीस साल इसी पर नमाज…” आणि मग बोलणं अर्धवट सोडून, खिशातून रुमाल काढून डोळे पुसत तो म्हणाला, “तीन हफ्ते! कडे-कडे से!” ‘कडे-कडे’ हा शब्द तो विभावरीकडूनच शिकला होता.

चहा झाला. मिठाई झाली. मिहिका गालिच्यावर पालथी पडून पाय हवेत हलवत वाचत होती. शैलेंद्रने घसा साफ केला. “अन्वर बे, बहुत सुंदर चीज़ है. पर हम लोग अब वापस जा रहे हैं, इंडिया. मॅडम का बहुत साल का इच्छा है. तो ये…” त्याने गालिच्याकडे हात केला आणि हात तसाच राहिला. अन्वर बेने मान हलवली, समजलं म्हणून. तो वाकला आणि कमानीकडच्या टोकापासून गालिचा गुंडाळायला लागला. मिहिका उठून बाजूला झाली. गुंडाळी सावकाश रेषेकडे यायला लागली. लोकरीचा कल फिरला की प्रत्येक वेढ्याबरोबर लाल आधी गडद, मग फिका होत होता.

विभावरी सोफ्यावरून उठली. चप्पल नव्हतीच पायात. तिने उजवा पाय उचलून गालिच्यावर ठेवला, मग डावा, आणि चालत रेषेपर्यंत गेली. तळव्यांना लोकर खरखरीत आणि थंड लागली, आणि तिच्याखाली फरशीचा टणकपणा. अन्वर बेचा हात थांबला. गुंडाळी तिच्या पायांपासून वीतभरावर होती. त्याने वर पाहिलं. शैलेंद्रही बघत होता, ओठांवर अजून त्या हसण्याचा थोडा भाग होता.

“शैलेंद्र,” ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा साधा निघाला. “तू दादांना उद्या फोन कर. मला परत जायचं नाहीये. बरीच वर्षं नाहीये. मी तुझ्यासाठी थांबलेली नाही, मला इथं बरं वाटतं.”